आपाचे खिसे

आपा नव्या माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायची. आधी त्याच्या कपड्याला खिसा आहे का ते बघायची. डॉक्टर असो की पोलीस, "खिशात काय आहे?" हा तिचा पहिला प्रश्न. वेडी म्हणून सगळे हसायचे.

मी एका ट्रस्टच्या वेड्यांच्या इस्पितळात आया होते. ते आता पाडलं. तिथल्या बायकांना हिरवे झगे असत, बिनखिशाचे. खिशात काही लपवतील, गिळतील, म्हणून. ते झगे आपाच शिवायची. चिंधी उरली की आतून खिसा लावायची. मेट्रन उसवायला लावायची. आपा मुकाट उसवायची आणि पुढच्या झग्याला परत लावायची. "मावशी, खिसा नाही त्या माणसाचं स्वतःचं असं काहीच नाही," म्हणायची. बायका त्यात पोळीचा तुकडा ठेवायच्या, केसांची पिन, बाटलीचं झाकण. एक जण नुसता हात ठेवायची.

आपा कसबा पेठेतली. मूल जन्मताच गेलं, तेव्हा तिने बोलणं आणि खाणं सोडलं. नवऱ्याने आणून टाकलं. वर्षात ती बरी झाली. तोवर त्याने दुसरं लग्न केलं होतं. घरचं कोणी न्यायला आल्याशिवाय सोडायचं नाही, अशी तेव्हाची रीत. कोणी आलं नाही. आपाचे केस तिथेच पांढरे झाले.

मग नवा कायदा आला. तो समजावायला साहेब आले, बरोबर एक परदेशी बाई. कोणत्या देशात वेड्यांना काय हक्क आहेत, यावर भाषण झालं. कोणाला काही विचारायचंय का, म्हटल्यावर आपा उठली.

"तुमच्या देशात वेड्यांच्या कपड्याला खिसा असतो का?"

साहेब हसले. दुभाष्याने सांगितल्यावर ती बाई हसली नाही. म्हणाली, "माझी आई अशाच ठिकाणी होती. तिच्या झग्याला नव्हता."

"म्हणजे शिंपी सगळीकडे एकच दिसतोय," आपा म्हणाली आणि खाली बसली.

नव्या कायद्याने बऱ्या झालेल्या माणसाला घरी जायला कोणाची सही लागत नव्हती. मी आपाला रिक्षाने कसब्यात तिच्या भावाकडे नेलं. त्याने दार अर्धंच उघडलं.

"आपा, मुलीचं लग्न जमतंय. तू इथे दिसलीस तर लोक काय म्हणतील?"

त्याच्या सदऱ्याला दोन खिसे होते. आपा त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चला मावशी, जेवणाची घंटा चुकेल."

त्यानंतर तिने मशीनला हात लावला नाही. थंडीत गेली. दफनाला भाऊ आला, खांदाही दिला. मेलेली बहीण त्याला चालली.

आता मी मांजरी गावच्या वृद्धाश्रमात आहे. मुलगा म्हणाला, "आई, घराचं काम काढलंय, थोडेच दिवस." इथे आल्या आल्या मला गाऊन दिला. मी तो उलटा करून पाहिला आणि सुईदोरा मागितला.

"कशाला, आजी?" तिथली पोरगी म्हणाली.

"खिसा लावायचाय."

ती हसली. "तुम्ही त्यात काय ठेवणार?"

"हात," मी म्हटलं.