काचेवर नारळाचं पाणी

“तुमच्यात खंडेनवमी नसते ना? मग तू थोडा वेळ बाहेर बस. आणि आज मशीनला हात लावू नकोस.”

सर हे हसत म्हणाले. ओरडून नाही. हातात हळदीकुंकवाचं ताट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. खोलीत आठ माणसं होती. आठांनी ऐकलं, एकानेही वर बघितलं नाही. मी हातमोजे काढून खिशात कोंबले आणि जिन्याजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत जाऊन बसले.

ठाण्यात कोलशेतला आमची लॅब. खाली गोदाम, वर आम्ही. धान्य, डाळी, पिठं तपासायची. सर लॅबचे प्रमुख. मी टेक्निशियन, कंत्राटावर, चार वर्षं झालेली. आई कल्याणच्या एका गोदामात डाळी निवडायची, त्यावर माझं बीएस्सी झालं. आम्ही बौद्ध. हे मी कधी लपवलं नाही, कधी मिरवलंही नाही. सरांनी कधी विचारलं नव्हतं. आडनाव पुरलं होतं.

ज्या मशीनला हात लावायचा नव्हता, ते काय आहे तेही सांगते. दिसायला मायक्रोवेव्हएवढं. वर एक गोल काच. काचेवर दाण्यांनी भरलेला कप ठेवायचा. खालून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश दाण्यांवर पडतो, त्याला निअर इन्फ्रारेड म्हणतात. पाणी त्यातला थोडा शोषून घेतं, प्रथिनं थोडा, तेल थोडा. जो परत येतो त्यावरून मशीन मिनिटभरात सांगतं, चण्यात ओल किती, प्रथिनं किती. दळायला नको, वाळवायला नको.

पण मशीन पोटातून शिकून येत नाही. त्याला शिकवावं लागतं. एकेक नमुना आधी दळा, ओव्हनमध्ये वाळवा, आधी तोला, नंतर तोला, खरा आकडा काढा. मग त्याच मालाचे अख्खे दाणे मशीनला दाखवा आणि सांगा, बाबा रे, एवढी ओल असली की असं दिसतं. असे शेकडो नमुने. दोन वर्षं. ते सगळं मी केलं. ओव्हनच्या ट्रेने भाजल्याचे डाग अजून माझ्या मनगटावर आहेत. पाहुणे आले की सर मशीनवर थाप मारून सांगायचे, “हे माणूस बघत नाही, फक्त माल बघतं.” पाहुणे माना डोलवायचे. मी मागे सिंकपाशी कप धूत असायचे.

त्या दिवशी जिन्याजवळ बसून मी आरती ऐकली. नारळ फोडल्याचा आवाज ऐकला. दार अर्धं उघडं होतं. सरांनी वाटीत पाणी धरलं आणि बोटांनी मशीनवर शिंपडलं. काचेवरचं झाकण उघडं होतं.

मला उठून सांगायचं होतं. सर, काच झाका. आतल्या एकालाही ते सुचलं नाही, कारण रोज ती काच पुसणारी मी. पण मी उठले नाही. बाहेर बसवलंय ना मला, मग भोगा. खरं सांगते, त्या क्षणी मला सूड घेतल्यासारखं बरं वाटलं.

मग प्राची पेढा घेऊन बाहेर आली. वर्षभरापूर्वी लागलेली, माझ्या हाताखाली काम शिकलेली पोरगी. म्हणाली, “अगं, मनाला नको लावून घेऊस यार. सर तसे नाहीयेत.”

मी पेढा घेतला. खाल्ला. त्याचा राग मला अजून येतो.

दुसऱ्या दिवशी दसरा, लॅबला सुट्टी. कोपरीत आमच्या विहारात पांढरी साडी नेसून गेले. आईच्या शेजारी उभी राहून बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. आवाज खणखणीत होता माझा. आदल्या दिवशी कुठे बसले होते ते मात्र आईला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू केलं. काच पुसायचा बोळा हातात घेतला आणि परत ठेवला. हात लावू नकोस म्हणाले होते. आजपासून लावायचा की नाही, ते काही बोलले नव्हते. अशी वाकड्यात शिरले मी. मग नेहमीसारखा चाचणीचा कप ठेवला. हा कप सीलबंद असतो. आत कायम तोच गहू. रोज सकाळी त्याचा आकडा तोच यायला हवा, तरच मशीन ठीक. त्या दिवशी ओल चांगलीच जास्त आली. पुन्हा ठेवला. पुन्हा जास्त.

“सर, चाचणीचा कप जास्त दाखवतोय.”

“गाडी उभी आहे खाली. आधी माल लाव.”

मी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

चण्याची गाडी होती, कल्याणच्या एका बेसन गिरणीकडे जायची. ड्रायव्हर वर येऊन उभा राहिलेला. मी नमुना लावला. ओल जास्त. एक दाणा दाताखाली धरला, आई गोदामात धरायची तसा. कट्टकन फुटला. ओला चणा असा फुटत नाही, दाताखाली दबतो. मला कळलं होतं. मशीन चुकत होतं आणि मला कळलं होतं. तरी मी आकडा छापून दिला आणि माल ओला ठरून गाडी परत गेली. ड्रायव्हर जिना उतरताना मला म्हणाला, “ताई, सुका माल आहे हो. मी स्वतः भरताना बघितलाय.” मी त्याच्याकडे बघितलं नाही. पूजेच्या दिवशी त्या आठांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं, अगदी तसंच.

चार दिवसांनी तक्रार आली. तोवर काच मी पुसली नव्हतीच. माल पाठवणाऱ्याने तोच चणा दुसरीकडे ओव्हनमध्ये तपासून घेतला होता. कोरडा ठणठणीत.

सरांनी मला बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद तयार. त्यात लिहिलं होतं की मी ओल्या हातांनी कप भरला, म्हणून आकडा चुकला. खाली माझं नाव. सहीची जागा रिकामी.

“फॉर्मॅलिटी आहे गं. तुला काही होणार नाही.”

ओल्या हातांनी. मी ते दोनदा वाचलं. माझ्या आईच्या हातांनी निवडलेली डाळ अख्ख्या कल्याणने खाल्ली. माझ्या हातांनी हे मशीन शिकलं. आणि आता चूक झाली तर ती हातांची. माझ्याच हातांची. सही केली की ते कायमचं फायलीत राहणार. पुढे कुठल्याही लॅबमध्ये नोकरी मागायला गेले, की ते माझ्या आधी तिथे पोचणार.

मी उठले. कागद तिथेच ठेवला आणि मशीनपाशी गेले. सर मागून आले. सगळे जमले.

सीलबंद कप काचेवर ठेवला. आकडा जास्त. “हा कप मी भरत नाही. हा उघडतच नाही. माझे हात ओले असोत नाहीतर कोरडे, ह्याच्या आत पोचत नाहीत.” खणातून रोजचे छापील आकडे काढले. खंडेनवमीच्या सकाळपर्यंत सगळे ठीक. त्यानंतरचे सगळे चढलेले. मग कापसाला स्पिरिट लावून काच पुसली. कापूस चिकटत होता. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, पण वाळलेल्या नारळाच्या पाण्याचा चिकट थर होता तिथे. हवेतली ओल धरून बसलेला. दोनदा पुसलं. कप ठेवला. आकडा जागेवर आला.

सरांनी वाकून आकडा वाचला.

“ठीक आहे,” सर म्हणाले. “काचेवर धूळ होती असं लिहू.”

“धूळ नव्हती सर. नारळाचं पाणी होतं. तुम्ही शिंपडलेलं.”

प्राचीने माझी बाही ओढली. “अगं, कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेतेस?”

मी कोरा कागद घेतला आणि सगळ्यांसमोर उभ्यानेच लिहिलं. पूजेत मशीनच्या उघड्या काचेवर नारळाचं पाणी पडलं. नंतर काच पुसली गेली नाही, ते काम माझं होतं. चाचणीच्या कपाने चूक दाखवली होती. मी एकदाच सांगितलं, पुन्हा सांगायला हवं होतं. पूजेच्या वेळी मला खोलीबाहेर बसवण्यात आलं होतं.

सरांनी वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. आता ते हसत नव्हते.

“ही ओळ काढ. हे टेक्निकल नाहीये.”

“आहे. मी आत असते तर काच झाकली असती.”

“तुझं कंत्राट मार्चमध्ये संपतंय. लक्षात आहे ना?”

“आहे.”

मी सही केली. फोटो काढून ठेवला. कागद त्यांच्या हातात दिला.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. खुर्चीचं, पेढ्याचं, त्या ड्रायव्हरचंही. ती एवढंच म्हणाली, “पेढा खायला नको होतास.”

मार्च यायचाय. काढतील तर काढू देत. ती ओळ मी काढणार नाही. त्या ड्रायव्हरचा जिना उतरतानाचा आवाज मी विसरणार नाही, आणि चूक दिसली की एकदा सांगून थांबणार नाही. पुढची खंडेनवमी ह्या लॅबमध्ये असो की दुसऱ्या, मी आत उभी असेन, मशीनच्या शेजारी, हात काचेवर ठेवून. ज्याला अडचण असेल त्याने जिन्याजवळ बसावं. खुर्ची तिथेच आहे.