चिमटा सरळ झाला, पण हात?

जुन्या गाड्यांचा नाद असलेल्यांनो, आजचं तुम्हालाच सांगतो.

बाबांची जुनी मोटारसायकल मी सध्या नीट करतोय. तिचा चिमटा, म्हणजे पुढचा फोर्क, फार पूर्वी एका धडकेत वाकला होता. तेव्हापासून गाडी डावीकडे ओढायची. त्याचे पाइप देवासला कुठेच मिळेनात. शेवटी खातेगावच्या भंगारात सरळ जोडी सापडली.

आज सकाळी मेकॅनिकनं ती बसवली. म्हणाला, "भिया, अब नी खींचेगी." मी चालवून पाहिली, खरंच ओढत नव्हती.

मग बाबांना दिली. गल्ली संपायच्या आत ते उजवीकडच्या ओट्याला जाऊन टेकले. लागलं काही नाही. उतरून चिडून म्हणाले, "तिरपा बसवलाय रे तुम्ही."

तिरपा नव्हता. इतकी वर्षं ते हँडल उजवीकडे दाबूनच गाडी चालवत आलेत. आजही हातानं तेच केलं, त्यांच्या नकळत.

दुपारी बाबा म्हणाले, "जुनाच लाव परत." वाकलेला चिमटा धोक्याचा, हे मलाही कळतं. पण गाडी त्यांची आहे.

जुने पाइप अजून फेकलेले नाहीत. तुम्ही काय केलं असतं?