मेरिलचा हातभर ट्रक

मेरिलच्या पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी दोन मणके दाखवून सांगितलं, खडकांवरची जीप आता विसरायची. मेरिलने विचारलं, किती महिने? डॉक्टर म्हणाले, महिने कसले, विसरायची म्हणजे विसरायची. यावर मेरिलने मनातल्या मनात जे उत्तर दिलं ते इथे छापता येणार नाही. तो दर रविवारी चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसणारा माणूस, त्याची अब्रू राखायला हवी.

युटातल्या त्या तांबड्या खडकांच्या गावात पर्यटकांच्या अडकलेल्या जीपा ओढून आणणं हा मेरिलचा धंदा, आणि स्वतःची जीप कड्यांवर चढवणं हा त्याचा शनिवारचा धर्म. चढवायचा तो, पण चढवून घ्यायची त्याची बायको अर्डिथ. गाडीसमोर कुणीतरी उभं राहून हातांनी सांगावं लागतं, डावीकडे घे, थोडं ये, थांब. आत बसलेल्याला बोनेट आणि आभाळ याखेरीज काही दिसत नाही, तेव्हा त्याने बाहेरच्याचं ऐकायचं असतं. शेवटच्या शनिवारी अर्डिथने दोन्ही हात वर करून थांब सांगितलं आणि मेरिल तरीही पुढे आला. जीप कोलांट्या खात तिच्यापासून वावभर अंतरावर थांबली, आणि आत मेरिलची पाठ मोडली.

इंजिनाच्या आवाजात काही कळलं नाही, असं तो लोकांना सांगत सुटला. हातांना आवाज नसतो, हे अर्डिथने त्याला एकदाच ऐकवलं आणि जाहीर केलं की यापुढे ती त्याच्यासाठी कुठल्याही खडकासमोर उभी राहणार नाही. जीप विकली. घरात भांडण नव्हतं. जेवण वेळेवर मिळायचं आणि बोलणं हवापाण्याचं व्हायचं, पण मेरिलला ते भांडणापेक्षा जड जात होतं. जीपचं दुःख त्याने कसंबसं गिळलं. शनिवारी अर्डिथ सोबत नसते, हे मात्र त्याच्या घशाखाली उतरेना.

अशात गावचा प्लंबर रूलन एक ट्रक काखेत मारून आला. हातभर लांब, रिमोटवर चालणारा. "पोरांसाठी घेतलास का?" मेरिलने विचारलं.

"पोरांच्या हाती दिला तर मोडतील ना," रूलन म्हणाला. त्याने तो ट्रक मुंगीच्या पावलांनी आरामखुर्चीच्या पाय टेकायच्या फळीवर चढवला आणि तिथून थेट मेरिलच्या मांडीवर. मेरिलने नाक मुरडलं आणि आठवडा उलटायच्या आत स्वतःसाठी एक मागवला.

पुढे त्याच्या जाणकारीनेच घात केला. खरी जीप खडकांवर नेताना टायरांतली हवा कमी करतात, हे त्याला झोपेतही ठाऊक. पण या टायरांत हवा कुठून भरायची तेच सापडेना. उलट प्रत्येक चाकाला एक बारीक भोक दिसलं. कारखान्यातल्या कुणा गाढवाची चूक असणार, असं म्हणून त्याने ती भोकं गोंदाने बुजवली. झालं, ट्रक अर्डिथच्या बागेतल्या दगडांवर चेंडूसारखा टणाटण उडू लागला. मग त्याला वाटलं, ताकद कमी पडतेय. त्याने दांडगी मोटर बसवली, तेव्हापासून ट्रक उडून वर पालथाही पडू लागला.

ते बघून रूलनला हसता हसता खाली बसावं लागलं. त्याने समजावलं की आत हवा भरायचीच नसते, फोम असतो, आणि टायर दबला की आतली हवा निघून जावी म्हणून ते भोक असतं. मोटर जुनी बरी, इथे वेग कुणाला हवाय. आणि वजन वाढव, तेही पुढे आणि खाली, चाकांपाशी. मेरिलने आयुष्यभर जीपचं वजन कमी करायला मागची सीटसुद्धा उपटून टाकली होती. आता तो पितळेचे ठोकळे अर्डिथच्या पिठाच्या काट्यावर तोलत बसला. तिने काटा धुऊन जागेवर ठेवला आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "डावीकडून आणला असतास तर चढला असता." त्या एका वाक्यावर मेरिल आठवडाभर खूश होता.

शनिवारी असे ट्रक चालवणाऱ्यांच्या क्लबची स्पर्धा होती. त्याने तिला चल म्हटलं. पाठीच्या गोळ्या घेऊन त्याला गाडी चालवायची मनाई होती, म्हणून ती सोडायला आली. "गाडीतून उतरणार नाही," तिने आधीच बजावलं, आणि काच वर करून विणकाम काढलं.

खडकांत जोडीजोडीने काड्या रोवून फाटकं केली होती. काडीला धक्का लागला की दंड, ट्रकला हात लावला की मोठा दंड. त्याला तिथे 'देवाचा हात' म्हणतात. या नावाला खरं तर चर्चच्या बिशपने हरकत घ्यायची, पण तोही क्लबात आहे आणि सगळ्यांत जास्त वेळा हात तोच लावतो.

मेरिल रिमोट घेऊन एका जागी खांबासारखा उभा राहिला आणि पहिल्याच फाटकात दोन्ही काड्या पाडल्या.

"अरे, फिर की ट्रकच्या भोवती," रूलन ओरडला. "तू काय आत बसलायस?"

लोक हसले. पण मेरिलला कळून चुकलं की खडक बाहेरून कसा दिसतो हे त्याने कधी बघितलंच नव्हतं, ते काम अर्डिथचं. तो फिरू लागला, वाकू लागला, फाटकं जमू लागली. मग एका कड्याखाली डोकावताना पाठीत उसण भरली आणि तो तसाच अर्धवट वाकलेला राहिला. रूलनने नियम सांगितला, घरच्या कुणी रिमोट घेतला तर चालतं, याने समोरून हातांनी सांगावं. सगळे गाडीकडे बघू लागले. मेरिलने हाक मारली नाही, त्याची छाती झाली नाही.

काच खाली आली. काय झालं ते रूलनने सांगितलं. दार उघडलं.

"समोर उभी राहणार नाही म्हणाले होते," रिमोट घेत अर्डिथ म्हणाली. "चालवणार नाही असं नव्हते म्हणाले."

तिने ट्रक कड्यावर झकास चढवला. मेरिल पलीकडे समोर, वाकलेलाच उभा होता. मागचं एक चाक अधांतरी आल्याचं त्याला दिसलं आणि त्याने दोन्ही हात वर केले. अर्डिथने त्या हातांकडे नीट बघितलं आणि ट्रक पुढे दामटला. तो घसरला, कलंडला, गडगडत त्याच्या बुटांपाशी येऊन आपटला. खेळणंच ते, तरी मेरिल मागे सरकला.

"थांब म्हणालो होतो ना मी."

"दिसलं मला."

"मग?"

"कसं वाटतं?"

बिशपला एकाएकी थंड पेयांच्या पेटीत काहीतरी शोधायचं होतं.

"वाईट," मेरिल म्हणाला. "फार वाईट वाटतं. त्या दिवशी दिसले होते मला तुझे हात."

"ठाऊक आहे."

तिने पुढे होऊन ट्रक उचलला. रूलनने हात लावल्याचा दंड पुकारला. खुशाल लाव, म्हणत तिने ट्रक फाटकाच्या अलीकडे सरळ ठेवला आणि रिमोट धरून मेरिलकडे बघत उभी राहिली.

"सांग आता, कुठून आणू," ती म्हणाली. "या वेळी ऐकते."