पेरणीचा नंबर

पणतरदादाच्या प्रत्येक वाक्यात एक 'पण' आणि एक 'तर' असायचाच, म्हणून लोकांनीच त्याचं हे बारसं करून टाकलं होतं. पण गेली काही वर्षं त्याची मती खरोखरच गुंग झाली होती. बांधाच्या अलीकडे त्याचा मका, पलीकडे धाकट्या बहिणीचा. बियाणं एक, पाणी एक, औषधही एकच. तरी याची कणसं टच्च भरलेली आणि तिच्या मक्याच्या पानांची नुसती चाळण. पोंगा, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांची गुंडाळी, उघडावा तर आत अळी पाय पसरून बसलेली, माहेरपणाला आल्यासारखी.

"यंदाही गेला तर रान विकून लेकीकडे राहायला जाते," बहिणीने सांगून टाकलं. बायको गेल्यापासून दादाला दोन शब्द बोलायला तीच काय ती उरली होती.

त्याने आधी बियाण्याला शिव्या दिल्या, मग मातीला, मग दुकानात जाऊन औषधवाल्याला.

औषधवाला वैतागला. "दोन्ही रानं एकदम का नाही पेरत?"

"पेरणीयंत्र एकच ना! आधी माझं उरकतं. पण मग यंत्र बिघडतं, माणसं मिळत नाहीत, तर तिचं महिनाभर मागं पडतं."

"म्हणजे अळ्या वाढतात तुझ्या रानात. त्यांचे पतंग होईतो तुझा मका निबर झालेला. आणि शेजारी कोवळं पान वाढून ठेवलेलंच!"

दादा डोकं धरून घरी आला. हे खरं मानावं तर बहिणीचा वैरी आपणच. खोटं मानावं तर पुन्हा सगळं मुसळ केरात. त्याला जेवण गेलं नाही.

पेरणीच्या सकाळी त्याने पेरणीयंत्र जोडलेला ट्रॅक्टर सरळ तिच्या रानात घातला. ती धावत आली.

"दादा, रान चुकलास की काय!"

"यंदा तुझं आधी."

"आणि मग माझे पतंग तुझ्या मक्यावर येतील, त्याचं काय?"

दादाने ट्रॅक्टर बंद केला. "तुला... तुला ठाऊक होतं?"

"दुसऱ्याच वर्षी लक्षात आलं."

"मग बोलली का नाहीस?"

"यंत्र तुझं, दादा. मागून आणणाऱ्यानं नंबर कसा लावायचा?"

दादाने तोंड उघडलं, पण त्यातून ना 'पण' निघेना, ना 'तर'. तो खाली उतरला आणि किल्ली तिच्या हातात ठेवली.

"आज दोन्ही रानं उरकायची," तो म्हणाला. "नंबर तू लाव."