मोटारीचा खांदा

मी ज्या मोटारीवर ड्रायव्हर होतो तिला पळता यायचं, थांबता येत नव्हतं. मालकांनी ती अकोल्याच्या एका वकिलाकडून जुनी घेतली होती आणि विकताना वकील फक्त पळण्याबद्दलच बोलला असणार. शेलूबाजारच्या अलीकडचा उतार लागला की मी शंभर पावलं आधीपासून पेडलवर जवळजवळ उभा राहायचो, मागच्या सीटवर मालक रामनाम सुरू करायचे आणि गाडी तिला आवडेल त्या बाभळीपाशी थांबायची. ब्रेक होते फक्त मागच्या दोन चाकांना, आणि तेही नावालाच.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं आणि मुंबईहून सुटा भाग मागवला तर भाग सोडा, पत्राचं उत्तरही यायचं नाही. असं असताना मालकांच्या डोक्यात पोळा शिरला. आमच्या गावात पोळ्याला पहिल्या जोडीचा मान पाटलांचा. मालकांची जमीन पाटलांपेक्षा जास्त होती, पण मान काही जमिनीबरोबर विकत मिळत नाही, आणि हे त्यांना वर्षभर सलायचं. या खेपेला त्यांनी ठरवलं की सगळ्या जोड्यांच्या मागे, पण रांगेतच, आपली मोटार उभी करायची, पुढे बाशिंग आणि दिव्यांना गोंडे बांधून. पाटील हसले आणि हो म्हणाले. अट एकच. तोरण तुटेपर्यंत मोटारीने जागचं हलायचं नाही, कारण तोरणाखालून सगळ्यांत आधी जायचं ते त्यांच्या बैलांनी.

मालकांनी मला ओसरीवर बोलावलं. "पोयाच्या दिवशी गाडी तोरणाच्या अलीकडं थांबली तं तू राह्यला," ते म्हणाले. "नाही थांबली तं दुसऱ्या दिवशी आपलं गठुडं बांध."

वाशीमला माझी बायको आणि दोन लेकरं भाड्याच्या खोलीत होती. ही नोकरी लागण्याआधी मी आठ महिने कापसाच्या जिनाच्या फाटकाशी कामासाठी उभा राहून काढले होते. पुन्हा तिथे जाऊन उभं राहायची माझी मुळीच तयारी नव्हती.

मागची चाकं उतरवून मी ड्रम काढले. ड्रम म्हणजे चाकाच्या आत बसणारं लोखंडी घमेलंच म्हणा. त्याच्या पोटात दोन अर्धगोल शू असतात आणि त्यांवर जाड पट्टी ठोकलेली असते. पेडल दाबलं की गाडीखालची लांब सळई ओढली जाते, शू फाकतात, पट्टी ड्रमला घासते आणि चाक धरलं जातं. आमच्या पट्ट्या इतक्या झिजल्या होत्या की रिव्हिटांची डोकी घासून ड्रममध्ये चाकोऱ्या पडल्या होत्या. ड्रम मी वाशीमच्या जिनात नेऊन तिथल्या लेथवर गुळगुळीत करून घेतले. पट्टीचा प्रश्नही तिथेच सुटला. यंत्रं फिरवणारा सुती विणीचा एक जुना, जाडजूड पट्टा तिथल्या अडगळीत पडला होता. फाटकाशी उभं राहून राहून चौकीदाराशी ओळख झाली होती, ती अशी कामी आली. पट्टा मापाने कापला, उकळलेल्या जवसाच्या तेलात तीन दिवस मुरवला, कडक वाळवला आणि तांबटाकडून आणलेल्या रिव्हिटांनी शूंवर ठोकला. डोकी या वेळी खोल बसवली. एवढ्यावर भागेना म्हणून किन्हीराजाच्या लोहाराकडून सळई ओढणारा दांडा चार बोटं लांब करून घेतला. दांडा लांब झाला की तेवढ्याच पायाचा जोर वाढतो. ही अक्कल माझी होती आणि ती मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

एकच माणूस ऐकायचा नाही. मालकांच्या बैलांवर तीस वर्षं असलेला एक गडी होता, साठीचा. सगळे त्याला बुढा म्हणत. मोटार कुठे रुतली की निरोप जाण्याआधी तो जोडी घेऊन हजर व्हायचा, दोर बांधायचा आणि ओढताना बैलांशी बोलायचा, माझ्याशी नाही. मला त्याचा राग यायचा आणि मी त्याची टर उडवायचो. मोटारीला कडबा घालू का ढेप, असं त्याने मला विचारलं, अशा गोष्टी रचून मी बाकीच्या गड्यांना सांगायचो. त्याने असलं काही कधीच विचारलं नव्हतं.

पण पेडल दाबायला मला दुसरा माणूस लागायचा आणि बैल चरायला गेले की तो रिकामा असायचा. गाडीचा मागचा भाग ठोकळ्यांवर चढवून तो पेडल दाबी आणि मी हाताने एकेक चाक फिरवून बघी. ड्रमला बोटभर फट ठेवलेली असते, तिच्यात पत्र्याची पट्टी घालून आत किती जागा उरली तेही बघी. रस्त्यावर नेली की मात्र ब्रेक लावताच गाडी डावीकडे पळे. मी दोनदा सगळं उघडलं, घासलं, पुन्हा बसवलं, काही सापडेना. तिसऱ्या फेरीला बुढा शेजारी बसला होता. तो उतरला, वाकून गाडीखाली बघितलं आणि म्हणाला, "डावा बैल जोर करून राह्यला. उजव्याची दोरी ढिली हाये." मी उजवी सळई तीन आटे आवळली. गाडी सरळ रेषेत, जागच्या जागी थांबली. मालकांना मी सांगितलं की रात्रभर डोकं चालवून दोष काढला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. सालभर जू वाहून खांदा सोलपटलेला असतो, त्याला हळद घातलेलं कोमट लोणी लावतात आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. त्या दुपारी बुढा माझ्याकडे आला, मोटारीभोवती एक चक्कर मारली आणि हिचा खांदा कुठे असतो म्हणून विचारलं. वर्षभर मी ज्या प्रश्नांच्या थापा मारल्या, तसला एक प्रश्न अखेर त्याने खरोखर विचारला होता. चेहरा सरळ ठेवून मी मागच्या चाकाचा ड्रम दाखवला. सारा भार याच्याच आत येतो, असंही वर सांगितलं. तो मान हलवून गेला. मी विहिरीवर जाऊन पोट धरधरून हसलो. मग गोंडे बांधायचे होते, झूल टाचायची होती, त्या गडबडीत ही गोष्ट विसरून गेलो.

पोळ्याच्या दिवशी मालक नवा फेटा बांधून माझ्या शेजारी बसले. गावातून माणसाच्या चालीने गेलो, त्यामुळे ब्रेक लावायची वेळच आली नाही. मैदानावर झडत्या रंगात आल्या होत्या, एक जण ओळ म्हणायचा आणि सगळे ओरडून साथ द्यायचे. बैलांच्या दोन रांगा, मध्ये वाट आणि वाटेच्या टोकाला आंब्याच्या पानांचं तोरण. जमीन तिथे जरा उतरती आहे. शेवटच्या जोडीपाशी थांबायचं म्हणून मी पेडल दाबलं. पेडल चांगलं ताठ होतं, पण चाकांना त्याचं काहीच पडलं नव्हतं. हँडब्रेक ओढला, तोही त्याच ड्रमांना. इंजिन बंद केलं, तरी गाडी उताराच्या अंगाने चालतच राहिली. झडत्या थांबल्या. माणसं बाजूला झाली, बैल तर त्यांच्याही आधी झाले. बाशिंग डोलवत, सगळ्या जोड्यांची सलामी घेत मोटार पाटलांच्या जोडीलाही मागे टाकून गेली, तोरण तिने काचेवर घेतलं आणि पलीकडच्या उकिरड्यात जाऊन शांतपणे उभी राहिली. मालकांचा फेटा माझ्या मांडीवर आला होता.

पाटलांनी दुसरं तोरण बांधायला सांगितलं. मालकांनी सगळ्या गावादेखत त्यांच्यापुढे हात जोडले, मग माझ्याकडे न बघता गाडी ओढून घरी आणायला सांगितली. ओढायला अर्थातच बुढा होता.

गोठ्यापुढे मालक उभे राहिले आणि मला ड्रम काढायला लावले. पहिला ड्रम सुटला तसं आतून पिवळंजर्द लोणी ओघळलं. दुसऱ्यातही तितकंच. मी पत्र्याची पट्टी घालायचो त्याच फटीतून कोणीतरी ते पातळ करून ओतलं होतं. हळदीचा वास आला आणि मला आदल्या दुपारचा प्रश्न आठवला.

हे कोणी केलं, मालकांनी विचारलं.

"म्या केलं," बुढा म्हणाला. "तुमीच तिले बैलाच्या रांगेत उभं करून राह्यले होते, मालक. खांद शेकल्याबिगर रांगेत कशी जाऊ देऊ?"

मालकांनी ओघळलेलं लोणी बोटावर घेऊन पाहिलं. मग त्यांनी विचारलं की नेमकं तिथेच लावायला तुला कोणी सांगितलं. वाशीमची खोली, जिनाचं फाटक, सगळं डोळ्यांपुढे आलं. बोलायला पाहिजे होतं, पण मी खाली वाकून ड्रम पुसायला लागलो.

बुढ्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोनं सांगाव लागते त्यात? डायवर रोज थ्याच जागी हात घालून बसते. मले वाटलं, थेच दुखत असन."

माझं गठुडं बांधायचं राहिलं. पण त्या संध्याकाळी मालकांची जोडी घरोघर पूजेला फिरवायचा मान, जो तीस वर्षं बुढ्याचा होता, तो मालकांनी दुसऱ्या गड्याला दिला. बैल गेले आणि बुढा रिकाम्या गोठ्यात एकटाच दावी गुंडाळत बसला. मला माझी अशी लाज कधी वाटली नव्हती. मी जाऊन त्याच्यासमोर बसलो आणि म्हणालो, आताच्या आता मालकांना खरं सांगून येतो.

"राहू दे. तुले लेकरं हायेत."

"बाबा, म्या तुमची गंमत केली होती."

"थे मले तवाच समजलं. इहिरीवर हसून राह्यला होता ना तू, इथपर्यंत आयकू आलतं."

"मंग लावलं काहून?"

त्याने हातातलं दावं खुंटीला अडकवलं. "अबे, सालभर थे बी ओझं वाहते. खांदा कोठी हाये थे कोनं खरं सांगतलं नाही म्हून काय तिले तसंच ठेवाव?"