सोवळ्यातलं तळं

आमच्या घरात मासा कधी शिजला नाही, आणि माझं पोट मात्र गेली वीस वर्षं माशांच्या आतड्यांवर चालतं. मी इथल्या विद्यापीठात प्रयोगशाळेत काम करते. तळ्यात पाळलेल्या रोहूच्या पोटात आणि अंगावर कोणकोणते जंतू राहतात, ते बघायचं, वाढवायचं, मोजायचं. वडील गंगेच्या घाटावर पौरोहित्य करत. लेकीने असलं काही करावं हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. निवृत्तिवेतन मिळणार म्हणून गप्प बसले.

अमृतराव घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर. त्यात मी, दादा आणि वहिनी. मी संध्याकाळी आले की उंबऱ्यातच वहिनीचा आवाज येतो, "वन्सं, आधी नहाणीत." कपडे वेगळ्या बादलीत, डोक्यावरून आंघोळ, मग चहा. आंघोळ झाली तरी दह्याच्या भांड्याला हात लावायचा नाही. ते विरजण वहिनीने लग्नानंतर माहेरून आणलेलं, तेव्हापासून चालत आलेलं. त्या भांड्यात माझ्या प्रयोगशाळेइतकेच जंतू आहेत हे मी एकदा तिला सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला राग यायचा, अजून येतो. पण रोज काय भांडायचं.

दादा बँकेतून निवृत्त झाला आणि त्याने गंगेपलीकडे एक तळं भाड्याने घेतलं, मासे वाढवायला. गल्लीतल्या मराठी मंडळींच्या भुवया वर गेल्या. दादाने सगळ्यांना एकच उत्तर ठरवून ठेवलं होतं: "आपण खात नाही, फक्त वाढवतो. आणि पहिला अवतार कुठला होता, आठवून बघा." तोच मासा मंडईत कापला जातो तेव्हा अवताराचं काय होतं, हे कुणी विचारलं नाही. घरी मात्र एक चमत्कार झाला. दादा तळ्यावरून आला की पाय धुऊन थेट पाटावर. त्याच्या माशांना वास नव्हता, माझ्या माशांना होता.

मासे वाढवायचे म्हणजे काय करायचं, हे त्याने मला विचारलं नाही. बँकेत तो म्हणे कागद न वाचता सही करत नसे. इथे मात्र त्याला सगळं आधीच ठाऊक होतं: स्वच्छता. दर एकादशीला तो पंचांग बघून तळ्यात लाल दवा टाकायचा, तीच विहिरीत टाकतात ती. अमावास्येला ब्लीचिंग पावडर. महिन्याभरात पाणी असं नितळ झालं की तळाचा चिखल दिसायला लागला. घाटावरच्या दोघा-तिघांना तो मुद्दाम नावेने पलीकडे घेऊन गेला. तळ्याचं दर्शन देऊन आणलं.

शेजारी एका मल्लाहाचं, म्हणजे नावाड्याचं तळं होतं. हिरवं, शेणाच्या वासाचं, कडेला म्हशी बसलेल्या. त्याने दादाला लाल दवा शिंपडताना पाहिलं आणि विचारलं, "का पंडितजी, मछरी के नहवावत हउआ? ऊ त जनमे से पानी में ह." माशांना आंघोळ घालता का, हा प्रश्न दादाने मला घरी येऊन सांगितला, अडाणीपणाचा नमुना म्हणून. मी त्या माणसाच्या पाया पडायला तयार होते.

"दादा, ते बंद कर," मी म्हटलं. "मासे पाण्यातच घाण करतात. ती पचवणारे जंतू पाण्यात असतात, त्यांना तू मारतोयस. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो ना, त्यातही जंतू असतात, चांगले. ते जागा अडवून बसतात म्हणून रोगाचे जंतू शिरत नाहीत."

"तू जंतूंची वकिली करतेस," दादा म्हणाला. "पगारच त्याचा मिळतो तुला. माझे मासे बघ, हाताला मुळीच बुळबुळीत लागत नाहीत."

हे तो अभिमानाने सांगत होता. तो थरच त्याने धुऊन काढला होता.

पुढच्या पंधरवड्यात मासे सकाळी पाण्यावर तोंड काढून धापा टाकायला लागले. मग अंगावर लाल चट्टे, सुटलेले खवले. दादाने लाल दवा वाढवली. दुकानदाराने जंतू मारायच्या गोळ्या दिल्या, त्या त्याने पेंडीत कालवून चारल्या. रोज आठ-दहा मासे उलटे तरंगायचे. ते बाहेर काढून, पुरून, तो घरी यायचा आणि पानावर बसून नुसता भात चिवडायचा. गावभर सांगून सुरू केलेलं काम होतं. अख्खं तळं जाणार हे त्याला दिसत होतं, मलाही. मला त्याची कीवही यायची आणि दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटायचं. एका रविवारी तो म्हणाला, "चल जरा." एवढंच. 'माझं चुकलं' म्हणायची पद्धत आमच्या घरात नाही.

मी दोन्ही तळ्यांतले मासे धरून त्यांच्या अंगावरून कापसाचे बोळे फिरवले आणि प्रयोगशाळेत काचेच्या बशांमध्ये जंतू वाढवले. तिसऱ्या दिवशी दादाला बोलावून बशा दाखवल्या. मल्लाहाच्या माशाच्या बशीत पिवळे, पांढरे, गुलाबी, नाना तऱ्हेचे ठिपके, गर्दी नुसती. दादाच्या माशाच्या बशीत एकच प्रकार, या काठापासून त्या काठापर्यंत पसरलेला.

"हा कोण?" दादाने विचारलं.

"चट्टे पाडणारा. बाकीचे तू मारलेस, याला मोकळं रान मिळालं."

त्याने बशी उजेडाला धरली. मग म्हणाला, "आता काय टाकू?"

"काही टाकू नकोस. गोळ्या बंद, दवा बंद, पेंड कमी कर. आणि शेजारच्या तळ्यातलं पाणी आणि चिखल आणून आपल्यात ओत."

"त्याच्या तळ्यातलं? म्हशींचं?"

"गल्लीत कुणाचं विरजण बिघडलं तर काय करतात? शेजारून वाटीभर आणतातच ना. तेव्हा विचारतात का, कुणाच्या हातचं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पलीकडे गेलो. दादा मल्लाहासमोर जाऊन उभा राहिला, हातात प्लॅस्टिकची बादली, आणि जन्मात पहिल्यांदा मी त्याला काही मागताना पाहिलं. "भाई, जरा पानी चाहिए. और मिट्टी."

मल्लाह हसला, अख्खं तळंच देऊ केलं त्याने. "कुल तलइया ले जा पंडितजी. बाकी आज त एकादसी ह ना?"

खरंच एकादशी होती, लाल दवेचा दिवस. दादाने धोतर खोचलं आणि कमरेइतक्या हिरव्या पाण्यात उतरला. दुपारपर्यंत आम्ही बादल्या वाहिल्या. मरायचे तेवढे मासे आधीच मेले होते, जवळजवळ निम्मे. पुढे हळूहळू पाणी हिरवट झालं, चट्टे थांबले, उरलेले मासे खाली राहून खायला लागले. पण त्या दिवशी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी आम्ही दोघं डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखून घरी आलो.

वहिनीने दार उघडलं. दादाला म्हणाली, "पाय धुऊन या, साबुदाणा गरम आहे." मग माझ्याकडे वळली. "वन्सं, आधी नहाणीत."

मी दादाकडे बघितलं. एकाच तळ्यातला तोच चिखल दोघांच्या अंगावर होता. वाटलं, आज तरी बोलेल. त्याने पाय धुतले आणि आत गेला.

मी आंघोळ केली. बाहेर येऊन पानावर बसले. दादा ताटात बघत म्हणाला, "ते पाणी कुठून आणलं ते घाटावर बोलू नकोस." मासे मेले तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं. मी उठले, स्वयंपाकघरात गेले, दह्याचं भांडं उघडलं आणि माझ्या हाताने वाटीभर दही काढून घेतलं. वहिनी चुलीशी उभी होती. तिने दारातून दादाकडे बघितलं. दादा खाली मान घालून खात राहिला.

रात्री तिने त्याच भांड्यातल्या उरलेल्या दह्याचं विरजण लावलं. सकाळी दही लागलं होतं, नेहमीसारखं घट्ट, आणि तिने ते दादाला वाढलं.