व्हरांड्यातलं व्हरांड्यात

आम्ही मूळचे नागपूरकडचे. आमच्या गोरखपूरच्या घरी व्हरांड्यात डार्टचा बोर्ड होता. नवरा फॅक्टरीत नोकरीला होता, तिथल्या क्लबात तो खेळायला शिकला आणि मग त्याने घरातल्या बायकांना शिकवलं. बायका म्हणजे मी, माझी धाकटी जाऊ आणि शेजारच्या गल्लीतल्या एक हिंदी शाळामास्तरीण. तिघींचा संघ झाला. लोक हसायचे. नवरा म्हणायचा, हसू द्या, क्रिकेटला मैदान लागतं, याला भिंत पुरते.

शिकवायची त्याची एक पद्धत होती. फेकणारी रेषेवर उभी राहिली की मागच्या दोघींनी तिला बोलायचं. साधं नाही, लागेल असं. रडायचं नाही, उलट उत्तर द्यायचं नाही, तिन्ही डार्ट फेकायचेच. "घरच्या बोलण्यानं ज्याचा हात हालत नाही," तो म्हणायचा, "त्याचा हात दुनियेत कुठंच हालत नाही." आणि एक नियम. खेळ संपला, चहा झाला, की बोललेलं सगळं तिथंच राहायचं. व्हरांड्यातलं व्हरांड्यात. स्वयंपाकघरात त्यातला एक शब्दही न्यायचा नाही.

नियम चांगला होता. त्यामुळे आम्ही फार मोकळेपणाने वाईट बोलायला शिकलो.

मी रेषेवर गेले की जाऊ मागून म्हणे, "ताई, भाऊजींनी आधी तुमच्या बहिणीले पसंत केलं होतं ना? ती नाही म्हणाली म्हणून तुम्ही." मास्तरीणबाई हसत, "अरे, सेकंड हँड माल!" जाऊ गेली की मी म्हणे, "तुह्या मायनं तुले इथं टाकली आन् मोकळी झाली. दिवाळीले बी बोलावत नाही. काहून बोलावत नाही गं?" हे सगळं खरं होतं. खोटं बोललं तर लागत नाही, हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

माझ्यावर त्याचा परिणाम होत नसे. घरातल्या थोरल्या सुनेचे कान आधीच तयार झालेले असतात. बोलणं चालू असतं आणि मी डाळीला किती शिट्ट्या झाल्या ते मोजत असते. मी ठीकठाक खेळायचे. जावेचं वेगळं होतं. तिला प्रत्येक शब्द लागायचा. मान ताठ व्हायची, कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि डार्ट असा सुटायचा की बोर्ड थरथरायचा. विशेषतः शेवटी. या खेळात एका ठरावीक आकड्यापासून खाली उतरत बरोबर शून्यावर यायचं असतं आणि शेवटचा डार्ट डबलमध्ये, म्हणजे बोर्डाच्या कडेच्या, आकडा दुप्पट मोजायच्या बोटभर पट्टीतच लागावा लागतो. भलेभले तिथे अडकतात. ती अडकत नसे. आईचं नाव काढायचं, की डबल लागलाच.

मग आमच्या शहरात शेजारच्या देशांच्या संघांची स्पर्धा ठरली. यजमान म्हणून शहराचा एक महिला संघ घेणार होते, आणि शहरात महिला संघ म्हणावा असा आमचाच. दिल्लीहून निवड करणारे एक साहेब येणार होते. इथं खेळलेल्यांतली एक बाई भारताच्या संघातून परदेशी जाणार होती.

जाऊ नागपूरच्या पलीकडे कधी गेली नव्हती. तिने पासपोर्ट काढून घेतला आणि ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली ठेवला. माझ्या दिराने जेवताना ताटावरून मान वर न करता तिला सांगितलं, "सिलेक्शन झालं तर जा. नाही झालं तर हे भूत बंद. घरात पुन्हा डार्ट दिसला नाही पाहिजे."

"होईल," ती म्हणाली.

दीर एकदा बोलला की बोलला. ते तिलाही माहीत होतं, मलाही.

स्पर्धेच्या हॉलमध्ये गेलो आणि पहिल्या सकाळीच आमचं काय चुकलं ते दिसलं. पंखे बंद, कूलर बंद, कारण वाऱ्याने डार्ट हलतो. पोरंटोरं समोसे खात बसली होती. पहिली खेळाडू रेषेवर आली तशी माइकवरून सूचना झाली, "कृपया शांति बनाए रखें," आणि चघळणंसुद्धा थांबलं. खेळणारी उभी असताना कुणीही बोलायचं नाही, हा जगभरचा शिष्टाचार. नवऱ्याला तो माहीत होता. पण त्याचा हिशेब असा, की जी गोंगाटात फेकते तिला शांतता म्हणजे आरामच.

जावेला आराम झाला नाही. ती रेषेवर उभी राहिली, हात वर गेला आणि तिथेच राहिला. डार्ट बोटांतून सुटेना. तिने हात खाली घेतला, पुन्हा वर केला. जणू मागून कुणीतरी काही बोलेल याची ती वाट पाहत होती. कुणी बोललं नाही. शेवटी तिने कसाबसा फेकला, तो बोर्डाखालच्या लाकडात गेला. बाहेर आल्यावर म्हणाली, "ताई, तिथं काहीच ऐकू येऊन नाही राहिलं." मी म्हटलं, "मग काय बँड लावू?"

ती काही सामने हरली, काही रडतखडत जिंकली. मी माझे सामने जिंकत गेले. मास्तरीणबाईंनीही एकदोन मारले. कसेबसे आम्ही अंतिम सामन्यात पोहोचलो, श्रीलंकेच्या बायकांसमोर.

आदल्या संध्याकाळी दिल्लीच्या साहेबांनी मला आणि नवऱ्याला बाजूला बोलावलं. व्हिसासाठी नावं लगेच कळवायची होती, ती त्यांनी कळवून टाकली होती. नाव माझं होतं. "आपकी देवरानी में दम है, पर हाथ रुकता है," ते म्हणाले. घरी येताना नवरा रिक्षात म्हणाला, "उद्याचं खेळून होऊ दे. मग सांगू तिले." मी म्हटलं बरं. त्या रात्री तिने सगळ्यांना पोळ्या वाढल्या आणि माझ्या पोळीवर जास्तीचं तूप घातलं. म्हणाली, उद्या तुम्हाले ताकद पाहिजे.

अंतिम सामन्यात तिघींचे तीन डाव. मी जिंकले, मास्तरीणबाई हरल्या. तिसरा डाव जावेचा. नवऱ्याने हट्टाने तिलाच शेवटी ठेवलं होतं.

मोठे आकडे होते तोवर ती ओढत गेली. समोरची बाईही दमली होती. जावेचे बत्तीस उरले, म्हणजे डबल सोळा मारला की काम झालं. हात वर गेला आणि थांबला. पहिला बाहेर, दुसरा बाहेर, तिसरा पट्टीच्या आत, साध्या सोळात. उरले सोळा. आता डबल आठ.

समोरचीनेही चुकवलं. गुण लिहून होईपर्यंत जरा वेळ मिळतो, तेवढ्यात आपल्या खेळाडूशी हळू बोलता येतं. मास्तरीणबाई पुढे झाल्या, "अरे, तेरी माँ ने तो..." मी म्हटलं, "तुह्या मायनं टाकली तुले, माहीत आहे ना?" जाऊ आमच्याकडे पाहून हसली. ओळखीचं, गोड हसू. म्हणाली, "थँक्यू, ताई."

तेव्हा मला कळलं की हे आता चालणार नाही. टोमणा मदतीसाठी मारला जातोय हे तिला दिसत होतं, आणि मदत लागत नाही. ती गेली, तिन्ही डार्ट पट्टीच्या बाहेर घालून परत आली. समोरचीचेही पुन्हा चुकले, पण तिला आता फक्त चार उरले होते. पुढच्या वेळी ती सोडणार नव्हती.

जाऊ माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मागे नवरा बसला होता, त्याने मान डोलावली. कशाला हो म्हणाला ते त्याला माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही. मी तिच्या कानाशी म्हटलं, "निवड काल झाली. तुहं नाव नाही. माह्यं आहे. तुह्या भाऊजीले माहीत आहे. तू तूप वाढून राहिली होती तेव्हा मले बी माहीत होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. हे व्हरांड्यातलं नाही हे तिला एका क्षणात कळलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मान ताठ झाली. माझा जीव भांड्यात पडला.

रेषेवर गेली ती थांबलीच नाही. पहिलाच डार्ट, डबल आठच्या मधोमध. बोर्ड थरथरला.

हॉलमध्ये एकच आरडाओरडा झाला. दिल्लीचे साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. शेजारच्या माणसाला म्हणाले, "अरे यार, एक दिन रुक जाते," आणि हे तिला ऐकू गेलं, कारण ती तेव्हा त्यांच्यासमोरूनच डार्ट काढायला चालली होती.

तिने श्रीलंकेच्या बाईशी हात मिळवला, पंचांशी मिळवला, मास्तरीणबाईंना मिठी मारली. मग माझ्याशी हात मिळवला, समोरच्या संघाशी मिळवतात तसा.

घरी आल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, "खेळात बोललं ते खेळात राहिलं. नियम आहे."

ती कणीक मळत होती. "ते व्हरांड्यात नव्हतं, ताई," म्हणाली.

दिराने शब्द पाळला. तिचे डार्ट एका डब्यात घालून माळ्यावर टाकले. जिंकलेली ढाल बैठकीत लागली, कारण ती घराची. मला विचाराल तर मी पुन्हा तेच बोलेन. नाही तर ढाल श्रीलंकेला गेली असती आणि तिचं नाव तरीही यादीत नसतंच.

परदेशी जायच्या आधी मला सराव हवा होता. मास्तरीणबाईंच्या शाळेत परीक्षा चालू होत्या. मी जावेला म्हटलं, मागे उभी राहा नि बोल. ती आली. मटार सोलायची परात घेऊन खुर्चीवर बसली. मी रेषेवर उभी राहिले आणि वाट पाहिली. शेंगा फुटल्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही.

"बोल ना गं," मी म्हटलं.

"काय बोलू? तुमचा नेम चांगला आहे, ताई."

मी हात वर केला. डाळ गॅसवर होती, पण शिट्ट्या किती झाल्या ते मला आठवेना. मी पुन्हा हात खाली घेतला. मागे ती शांतपणे एकेक शेंग सोलत होती.

"मारा," ती म्हणाली. "छान माराल."